दोन आकडी जमिनीवर तीन आकडी विमान

हे वाक्य माझं. आमच्या वस्तीच्या समितीतले लोक आता म्हणतात, आपण सगळ्यांनी मिळून लिहिलं होतं. मला सांभाळून घ्यायला म्हणतात, पण खोटं म्हणतात. पत्रकाचा मथळा मी कधीच कुणाला लिहू दिलेला नाही. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, आधी पत्रकं आली, पिवळी, गुलाबी, एका बाजूनं छापलेली. कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. छापील बाजूवरून शिकले की वाक्य छोटं असावं, शेवटी उद्गारचिन्ह असावं आणि वाचणाऱ्याला राग यावा.

राग आला. लोकांना भरपूर राग आला. फक्त ज्याच्यावर निघाला त्याच्यावर तो निघायला नको होता.

आमची वस्ती विमानतळाच्या भिंतीला टेकून आहे. विमान उतरताना आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढवायची कुणाला सवय नाही, सगळे तेवढा वेळ गप्प बसतात आणि मग अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं बोलतात. धावपट्टी लांब करायची, मोठी विमानं आणायची, म्हणून वस्तीची जागा हवी, अशी नोटीस लागली. आमचं म्हणणं सरळ होतं. नळ, शाळा, दवाखाना जवळ असेल अशी जागा आधी दाखवा, मग उठवा. एवढ्यावर राहिले असते तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, हे फार मवाळ आहे. सगळेच असं म्हणतात. मला असं काहीतरी हवं होतं की समोरच्याची बोलती बंद.

ते मला मोबाईलवर सापडलं. प्रत्येक धावपट्टीला ताकदीचा एक आकडा दिलेला असतो. खाली माती कशी, वर खडीचे आणि डांबराचे थर किती, त्यावरून तो ठरतो. प्रत्येक विमानालाही तसाच आकडा असतो, ते जमिनीला किती जड पडतं त्याचा. विमानाचा आकडा धावपट्टीच्या आकड्याहून मोठा नको. इतकं सोपं. आमच्या धावपट्टीचा आकडा एका जुन्या माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्समध्ये मिळाला. तो दोन आकडी होता. आत्ता इथं उतरतं त्या विमानाचा आकडा नव्या तक्त्यात मिळाला. तो तीन आकडी होता. मी दोन्ही एकाखाली एक लिहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे ही धावपट्टी आत्ताच्या विमानांनाही पेलत नाही, आणि हे मोठी आणायला निघालेत! त्यासाठी आमची घरं पाडणार!

दोन्ही आकड्यांच्या आधी पद्धतीचं नाव होतं आणि मागं काही अक्षरं होती. ती मी काढून टाकली. पत्रकात इंग्रजी अक्षरं आली की लोक वाचायचं सोडतात, हा माझा अनुभव. आता खरं सांगते. पत्रकावर शहराचं नाव नवं लिहायचं की जुनं, यावर समितीत अख्खी संध्याकाळ गेली. दोघं उठून गेले, एकाला चहा पाजून परत आणावं लागलं. आकड्यावर पाच मिनिटंसुद्धा गेली नाहीत. मी म्हणाले आकडा पक्का आहे, आणि सगळ्यांनी मान हलवली, कारण शिकलेली मी.

मला ज्यांनी शिकवलं ते काका आमच्याच गल्लीत राहतात. सख्खे नाहीत, पण वस्तीत त्यांना सगळेच काका म्हणतात. वस्तीतून पॉलिटेक्निकला गेलेले ते पहिले. एका खासगी मातीपरीक्षण लॅबमध्ये नोकरीला. नववी-दहावीत त्यांनी मला गणित शिकवलं, फुकट, त्यांच्या ओट्यावर. उत्तर बरोबर असलं तरी अर्धा मार्क कापायचे. "एकक कुठंय? पाच काय? पाच मीटर, पाच किलो, का पाच बकऱ्या?" मी दर वेळी एकक विसरायचे. दर वेळी ते तेच विचारायचे आणि दर वेळी बकऱ्यांवर आम्ही हसायचो.

त्या दिवसांत धावपट्टीची तपासणी चालू होती आणि ती काकांच्या लॅबकडं होती. दुपारी विमानं नसतात तेव्हा एक गाडी धावपट्टीवर फिरायची. मागं जोडलेल्या गाड्यावरून एक वजन खाली पडायचं, धप्प, आणि पुढं गाडी सरकायची. वजन पडल्यावर जमीन केसाएवढी दबते, ती किती दबली ते शेजारी ओळीनं टेकवलेल्या सुया मोजतात. काकांनी हे मला नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त धप्प ऐकू यायचं. काका पोपटी चमकणारं जाकीट घालून त्या गाडीमागं चालायचे. या कामाची त्यांनी लई वर्षं वाट पाहिली होती. तीस वर्षं रस्त्यांची माती तपासली, घरांच्या पायाची तपासली, आणि ज्या भिंतीला लागून जन्म गेला तिच्या आत मात्र कधी पाऊल पडलं नव्हतं. आत जायचा पास मिळाला तेव्हा काकूनं गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ला.

मी चहाच्या टपरीवर त्यांना विचारलं, "काका, धावपट्टी मजबूत हाय का नाय?"

"माती साच्यात भरलीय," ते म्हणाले. "भिजू दे."

"म्हंजे?"

"माती चार दिवस पाण्यात ठेवायची. मग तिच्यात दट्ट्या दाबून बघायचा. कोरडी माती सगळ्यांचीच मजबूत असती. काळी माती तर लईच. भिजल्यावर कळतं. त्याआधी तिच्याबद्दल कायबी बोलायचं नाय."

"चार दिवसांनी सांगाल?"

"नाय. रिपोर्ट माझा नसतो बाळा. ज्याचं काम त्याचा रिपोर्ट."

टपरीवाले चाचा मध्येच म्हणाले, "काका तो बैंक के लॉकर हो गए. अंदर क्या है, नहीं बताते."

काका हसले. मला ते हसणं आवडलं नाही. मला वाटलं, पास मिळाला आणि माणूस बदलला. पत्रकांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती, जो सांगत नाही तो लपवतो. त्याच्या हातात सांगण्याचा हक्कच नसेल, असा तिसरा प्रकार आमच्या पत्रकांत कधी नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका घराच्या गच्चीवरून मी मोबाईलवर झूम करून फोटो काढला. काका उकिडवे बसलेले, एक हात जमिनीवर टेकलेला. चेहरा धूसर आला, पण वस्तीला ओळखू येईल इतका होता. तो फोटो मी पत्रकात टाकला. वर मथळा. फोटोखाली एक ओळ: "मापं घेणारे कुणाचे?"

मी त्यांना चार दिवस दिले नाहीत. एक दिवससुद्धा दिला नाही.

पत्रक धावलं. फुलंब्रीहून कामाला येणारे बसमधून घेऊन गेले, जालना रोडवरच्या दुकानांत काउंटरवर ठेवलं गेलं. मथळा पोरांच्या तोंडी बसला. लंगडी खेळताना ती ओरडायची, "दोन आकडीऽऽ, तीन आकडीऽऽ." समितीतले एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, अशी घोषणा आमच्या काळात पण झाली नाय." मी किती फुगले होते ते आता आठवलं तरी कान तापतात.

चाचांच्या टपरीवर आता काकांना वेगळं ऐकू येऊ लागलं. "काय काका, कुणाचं मीठ खाता?" हे विचारणारा त्यांच्याच ओट्यावर शिकलेला होता. चाचा बिचारे म्हणाले, "अरे छोड़ो, आदमी को चाय तो पीने दो." काकांनी चहा संपवला, कप जागेवर ठेवला, गेले. मी तिथंच होते. मी पत्रकं मोजत असल्याचं नाटक केलं.

मग सुनावणी झाली. शाळेच्या हॉलमध्ये. व्यासपीठावर अधिकारी, त्यांच्या शेजारी एक इंजिनिअर बाई, माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी. पुढच्या रांगेत ज्या कंपनीनं काकांच्या लॅबला काम दिलं होतं तिचा माणूस. काका मागं, खांबाजवळ. वस्तीचे म्हणून आले होते, त्यांचंही घर जाणार होतं. हे मी विसरले होते. खरंच विसरले होते.

मी माइक घेतला. नळ, शाळा, दवाखाना यावर दोन वाक्यं बोलले आणि आकड्यांवर आले. हॉल पेटला. घोषणा झाली. इंजिनिअर बाई थांबली, लोक शांत होईपर्यंत थांबली.

"ताई, तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली.

टाळ्या. मी हात वर केला.

"पण ते दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. धावपट्टीचा तुम्ही घेतलाय तो जुन्या पद्धतीचा. विमानाचा घेतलाय तो नव्या पद्धतीचा. नव्या पद्धतीत दोन्ही आकडे साधारण दहापट दिसतात. धावपट्टीचाही, विमानाचाही."

"म्हणजे काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हणजे एका पेशंटचा ताप लिहिलाय एकशे दोन आणि दुसऱ्याचा एकोणचाळीस. एक फॅरनहाइटमध्ये, एक सेल्सिअसमध्ये. दोघांनाही सारखाच ताप आहे हो."

कुणीतरी हसलं. मग पुष्कळजण हसले. आमचेच. ते हसू वाईट नव्हतं, आपल्याला समजलं याचं हसू होतं ते. पण माझा हात अजून वर होता आणि तो खाली कसा आणायचा ते मला कळेना.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला कंपनीचा माणूस उठला. "मला एवढंच कळू द्या, तपासणी चालू असताना हे आकडे यांच्याकडे आले कुठून? आतून कुणी दिले का?"

आणि मी काकांकडं बघितलं.

का बघितलं ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर सापडतं ते इतकं साधं आहे की त्यावर विश्वास ठेवा असं कुणाला सांगताही येत नाही. नववीत उत्तर चुकलं की मी त्यांच्याकडंच बघायचे. चुकले, पुढं काय, असं. तसंच बघितलं. पण मी बघितलं तिकडं कंपनीच्या माणसानं बघितलं, अधिकाऱ्यांनी बघितलं, मग सगळ्या हॉलनं मान वळवली. खांबाजवळ काका उभे, ते पोपटी जाकीट नसतानाही सगळ्यांना दिसले.

बघणं चुकून झालं, मान्य. गप्प राहणं चुकून झालं नाही. माझ्या हातात माइक होता. "मला कुणी दिले नाहीत, मी मोबाईलवर शोधले," एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हणाले नाही, कारण डोक्यात हिशेब झाला होता. आतल्या माणसानं दिलेला आकडा चुकला तर चूक त्याची. मोबाईलवर शोधलेला चुकला तर मूर्ख मी. हा हिशेब व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सगळ्यांना त्यांचं उत्तर मिळालं होतं. मी माइक पुढं दिला आणि बसले.

वस्तीला वाटत होतं काका कंपनीचे झाले. कंपनीला वाटलं काका वस्तीचे आहेत. दोन्ही मीच वाटायला लावलं, एक फोटोनं आणि एक नजरेनं. पाच दिवसांत त्यांचा पास परत मागवला गेला.

मी लॅबमध्ये गेले तेव्हा ते मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी साचे धूत होते. हे काम नवी पोरं करतात. पाण्याच्या टाकीत भरलेले साचे बुडवून ठेवलेले होते, प्रत्येकावर खडूनं वार लिहिलेला. मी उभीच राहिले.

"बस की," ते म्हणाले. "तिथं नको, वल्लं हाय."

मी पाठ करून आणलेलं सगळं बोलले. माफीचं पत्रक काढते, तुमच्यावर अन्याय झाला असं छापते, चौकात वाटते.

"पत्रक नको," ते म्हणाले. "माझ्या मालकाला एक चिठ्ठी लिही. आकडे तू कुठून घेतले ते, आन् मी तुला कायबी सांगितलं नाय, एवढंच. दोन ओळी. आजच दिली तर बरं. सोमवारी दुसऱ्याच्या नावानं पास करणार हायेत."

दोन ओळी. मी आयुष्यात हजारो ओळी लिहिल्यात. मी घरी गेले, लिहिल्या आणि समितीला दाखवल्या. त्यांना दाखवायची काय गरज होती? पण आमच्यात कागद बाहेर जाण्याआधी समितीला दाखवतात. ही शिस्त मीच लावलेली. आकड्याच्या वेळी जी कुणाला आठवली नाही ती शिस्त चिठ्ठीच्या वेळी सगळ्यांना आठवली.

"हे लेखी दिलं तर पुढच्या सुनावणीत हेच वाचून दाखवतील," एकजण म्हणाला.

"आपण खोटारडे ठरू."

"काकाला समजावू आपण. काका आपलाच माणूस हाय."

आपलाच माणूस! आपल्या माणसाला समजावता येतं म्हणून त्याचाच गळा आधी कापायचा, हे मी भाषणांत किती वेळा ओरडून सांगितलंय, कुणाकुणाच्या बाबतीत. त्या खोलीत मी ओरडले नाही. मी म्हणाले, बघू. मी सोमवारपर्यंत बघत राहिले. बुधवारी चिठ्ठी नेली.

लॅबच्या मालकानं ती दोनदा वाचली. माणूस वाईट नव्हता. "अगं, हे आधी आणलं असतंस तर मी कंपनीशी भांडलो असतो," तो म्हणाला. "आता दुसरा माणूस आत जाऊन काम करतोय." त्यानं चिठ्ठी फाईलमध्ये लावली. तेवढं झालं. काकांना नोकरीवरून काढलं नाही, अजिंठ्याकडच्या एका रस्त्याच्या कामाला लावलं. फर्दापूरच्या बाजूला सकाळी बसनं जातात, मातीचे नमुने घेऊन संध्याकाळी येतात. "रस्त्याची माती पण मातीच," ते म्हणतात. धावपट्टीची तपासणी रोज होत नसते. पुन्हा होईल तेव्हा काका रिटायर झालेले असतील.

पत्रक मी तरीही लिहिलं. आकडे चुकले, दोन पट्ट्या मिसळल्या, जागेची मागणी कायम आहे, आणि खाली एक परिच्छेद काकांबद्दल. या वेळी छापायच्या आधी त्यांच्या ओट्यावर नेलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाले, "ठेव. चार दिवसांनी ये."

चार दिवस मी काही लिहिलं नाही, कुठं बोलले नाही. पाचव्या दिवशी कागद परत मिळाला. आकड्याशेजारी पेननं लिहिलं होतं, "कोणती पट्टी?" मी पुन्हा विसरले होते. माफीच्या पत्रकातही. अर्धा मार्क गेला. आणि त्यांच्याबद्दलच्या परिच्छेदावर आडव्या दोन रेघा होत्या, पट्टीनं मारल्यासारख्या सरळ.

"काका, हे का काढलं? लोकांना कळायला पाहिजे ना."

"लोकं आता कुठं विसरायला लागलीत," ते म्हणाले. "तू छापलं की परत टपरीवर मीच. चांगला म्हून का असंना, परत मीच. मला चहा प्यायचाय गं, बाकी काय नाय."

काकू आतून म्हणाली, "हिला सांगा, फोटो तरी नीट काढायचा होता. ढुंगण पुढं अन् तोंड मागं." काका हसले. मला हसता आलं नाही, आणि न हसणंही तिथं उद्धटपणाच वाटला.

पत्रक त्यांच्याविना निघालं. कमी लोकांनी घेतलं. पोरं अजून जुनाच मथळा ओरडत लंगडी खेळतात, मी थांबवत नाही. कुठल्या तोंडानं थांबवू? वस्तीची लढाई चालू आहे. नळ, शाळा, दवाखाना. आता मी एवढंच मागते आणि ते पुरेसं आहे, पहिल्या दिवसापासून पुरेसं होतं.

हे लिहायच्या आधी मी काकांना विचारलं. ते म्हणाले, लिही, पण नाव नको, कुणाचंच नको. म्हणून यात नावं नाहीत.

त्यांच्या घरी मी जाते. पोपटी जाकीट दारामागच्या खिळ्याला आहे. ते कंपनीचं नव्हतं, त्यांनी स्वतः विकत घेतलं होतं, आत जायचंय म्हणून नवं. रस्त्याच्या कामाला ते जुनंच घालून जातात. दार उघडलं की नवं झाकलं जातं, दार लोटलं की दिसतं. माझी नजर दर वेळी तिकडं जाते. मी बघितलं हे काकांना कळतं, आणि मग ते मला काहीतरी विचारतात, आईची तब्येत, पाण्याचा टँकर, काहीही, आणि स्वतः दुसरीकडं बघतात.